सम्राट हरवला तेव्हा

खणातली जागा रिकामी दिसली आणि संग्रहालयातल्या नव्या अधिकारी बाईंनी एकेक करत सगळे खण उपसले. दोन हजार वर्षं टिकलेलं रोमन सम्राटाचं सोन्याचं नाणं, ते नेमकं आपल्या राज्यात हरवावं! सकाळपासून खोलीत सफाईच्या मावशींखेरीज कुणी फिरकलं नव्हतं.

"मावशी, पिशवी दाखवा."

"माझी?" म्हणत मावशींनी ती पुढे केली. बाईंनी सरळ टेबलावर उपडी केली. डबा, चष्मा, गुडघ्याला बांधायचा पट्टा, नातवाचा बटण तुटलेला शर्ट. वीस वर्षं तेच टेबल पुसणाऱ्या मावशी मान खाली घालून सगळं परत भरत राहिल्या.

संध्याकाळी, मावशी घरी गेल्यावर, बाईंनी नाणी तोलायच्या तराजूवरचं कापड काढलं. एक पारडं झुकलेलंच होतं. काल नाणं तोलून झाल्यावर वजनं त्यांनी आठवणीनं डबीत ठेवली होती. सम्राट मात्र पारड्यातच बसून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्या दारातच उभ्या राहिल्या. "मावशी, नाणं सापडलं. चूक माझीच..."

"सापडलं ना? सुटले बाई! माझा जीव टांगणीला लागला होता." मावशींनी हातातली नवी प्लास्टिकची पिशवी उंच धरली. "आणि ही बघा. आतलं सगळं बाहेरूनच दिसतं. परत उपडी करायचा त्रास नको तुम्हाला."