पडद्यावरचा उंच चोर

एटीएम समजून दोघांनी बँकेतलं पासबुक छापायचं यंत्र पळवलं, त्यावर विनोदी सिनेमा निघाला. दोघे अजून सापडले नव्हते, म्हणून तिकीट काढून बघायला आले.

पडद्यावरचा उंच चोर बेत आखत होता, नायिका त्याच्यावर भाळत होती. बुटका नुसता धडपडत होता.

“कसा दिसतोय मी, लेका?” उंच भैरू कुजबुजला.

बुटक्या हणमंतानं पॉपकॉर्नचा पुडा चुरगळला. यंत्राला दोर बांधून जीपनं ओढायची युक्तीही उंच चोरालाच सुचली, तेव्हा तो ताडकन उठून ओरडला, “खोटं! ते माझं डोकं होतं!”

भैरू अंधारात सटकला. चौकीत फौजदारांनी हणमंताला विचारलं, “आणि तो उंच कोण?”

भैरूचं नाव ओठांवर आलं. पण उद्या पेपरात त्याचाच फोटो मोठा छापला असता.

“हमाल होता, साहेब. ओझं उचलायला आणलेला. नाव कोण विचारतं?”