चोरओटी

उलटी करायला मोरीवर वाकलेली प्रिस्का सरळ झाली, तेव्हा मजल्यावरच्या चार बायका तिच्याकडेच बघत होत्या.

"काय गो, बरी बातमी दिसता!" शेजारच्या सुभद्राकाकी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

नेव्हिल टॉवेल घेऊन दारात उभा होता. बातमी वेगळी होती. परळच्या हॉस्पिटलात पहिली केमो होऊन दोन दिवस झाले होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि प्रिस्काच्या डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली होती. त्याने काही बोलायला तोंड उघडलं. पण त्याआधीच प्रिस्का हसली. मान खाली घालून, लाजल्यासारखी.

खोलीत आल्यावर तिने दार लावून घेतलं.

"मी खोटं बोलले नाही. नुसती हसले."

"आणि उद्या कळलं तर?"

"मम्मीला झाला होता तेव्हा मी बारा वर्षांची होते. वसईत आख्खा गाव मला 'बिचारी' म्हणायचा. शाळेत, चर्चमध्ये, बाजारात. ते परत नाही ऐकायचं मला, नेव्हिल. निदान इथे तरी नको."

लालबागच्या त्या चाळीत त्यांचं एकच ख्रिस्ती घर. येऊन वर्षही झालं नव्हतं. नेव्हिल गप्प बसला. त्या दिवशी गप्प बसणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सुभद्राकाकींचं भांडं यायला लागलं. तांदळाची पेज, सोबत आल्याचा तुकडा, कधी लिंबाची फोड. "गरम नको, कोमट पी. घोट घोट. आणि फोडणीचा वास घरात नको काही दिवस." भांडं ठेवून त्या पाच मिनिटं खुर्चीत टेकायच्या, श्वास घ्यायच्या आणि जायच्या.

"काकी, तुम्हीपण घ्या ना थोडी," नेव्हिल म्हणायचा.

"माझा उपास."

"आजपण?"

"आजपण."

एकदा त्या गेल्यावर प्रिस्का हळूच म्हणाली, "त्या आपल्या बाळासाठी उपास करतायत, नेव्हिल."

नेव्हिलच्या हातातला घास हातातच राहिला.

सोळाव्या दिवशी केस गेले. दादरहून विग आणला. काकींनी एकदा बघितलं आणि पेजेचं भांडं पुढे केलं. समोरच्या दर्शनाने मात्र गॅलरीत विचारलंच, "कितवा लागला गं? पोट काही दिसत नाही."

"पहिलटकरणीला महिने मोजायला लावू नयेत," काकी मध्येच म्हणाल्या. "जा, तुझं दूध उतू जाईल."

लबाडी अशी दिवसादिवसाने मोठी होत गेली. प्रिस्काच्या पोटापेक्षा तीच वाढतेय, असं नेव्हिलला वाटायचं. मुलाचं काय, असं त्याने डॉक्टरांना विचारलं होतं. "आधी हिला बरं करू," एवढंच ते म्हणाले होते. पण खालच्या मजल्यावरचे कोंडीरामकाका त्याला जिन्यात धरून पाठ थोपटायचे, आणि तो "थँक्यू काका" म्हणायचा. थँक्यू! मग ऑफिसात बसल्यावर कान तापायचे. रात्री प्रार्थनेला हात जोडताना शब्द आठवायचे नाहीत.

पाचव्या केमोनंतर दर्शना हिंदमाताच्या साडीबाजारातून हिरवी साडी घेऊन आली. "सुभद्राकाकींनी दोनदा पुढे ढकललं, पण आता मी नाही ऐकणार. रविवारी संध्याकाळी चोरओटी. चार बायका, बाकी कुणाला सांगायचं नाही. तुमच्यात नसते ना? पाचव्या महिन्यात गुपचूप ओटी भरतात. म्हणून चोर."

ती गेल्यावर साडी पलंगावर तशीच पडून राहिली. दोघांपैकी कुणीही तिला हात लावला नाही.

"आता पुरे," प्रिस्का म्हणाली.

रविवारी सकाळी दादरच्या चर्चमध्ये नेव्हिलने कन्फेशन केलं. जाळीपलीकडचे फादर म्हणाले, "देव क्षमा करतो, बाळा. पण त्या बाईंकडे तुलाच जावं लागेल."

दुपारी दोघांनी शेजारचं दार वाजवलं. काकींचा मुलगा हितेंद्र ड्युटीवर होता. काकी आडव्या झाल्या होत्या, त्या भिंतीला धरून उठल्या.

प्रिस्काने वाक्यं पाठ करून आणली होती. त्यातलं एकही आठवेना. तिने विग काढून हातात धरला.

"काकी, बाळ नाहीये."

काकी दचकल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन दार फक्त लोटून घेतलं.

"आम्ही तुम्हाला फसवलं," नेव्हिल म्हणाला. त्याला वर बघवत नव्हतं. "इतके महिने. तुमची पेज खाल्ली, तुमचे उपास... तुमच्यासमोर उभं राहायचीही लाज वाटते, काकी. कॅन्सर आहे हिला."

"माका ठावक आसा."

दोघांनी एकदम मान वर केली.

"फसवलं कोणी?" काकी म्हणाल्या. "बातमी दिसते असं म्हणाली कोण, तुम्ही की मी? चौघी टक लावून बघत होत्या. काहीतरी बोलायला नको? आणि ही हसली. मग म्हटलं, हिला असंच हवंय, तर असंच."

प्रिस्का रडायला लागली.

"दर्शनाला मी सांगते काय ते. रडू नकोस गो."

"पण तुम्हाला कळलं कसं?" नेव्हिलने विचारलं. "आम्ही तर कुणालाच..."

काकींनी लोटलेल्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"हितेंद्रला बोलू नका, त्याला अजून ठाऊक नाही. हिच्या पहिल्या केमोच्या सोमवारी हॉस्पिटलात तुम्ही दोघं नाव पुकारायची वाट बघत होतात ना, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. हिच्यानंतरचं नाव माझं होतं."