यशूचा कान

एम. ए. फिलॉसॉफीचा ज्ञानमीमांसेचा निबंध सोमवारी अमरावतीला नेऊन द्यायचा होता. गरिबाचं, बाईचं, लेकराचं सांगणं लोक ज्ञान म्हणून का धरत नाहीत, हा विषय मी हट्टानं मागून घेतला होता. अकोल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता लिहीत होते.

"आई वं, कान दुखून राहिला," माझी पाच वर्षांची यशू तीन दिवस येऊन सांगत होती.

"शाळा बुडवायचे बहाणे नको करू. आत्ता तर नाचत होतीस!"

चौथ्या दिवशी तिनं सांगणं सोडलं. मला बरंच वाटलं. निबंध पुरा झाला.

सोमवारी सकाळी तिच्या उशीवर पू दिसला. निबंध तसाच टाकून, तिला उचलून दवाखान्यात पळाले. डॉक्टरांनी कान तपासला. पडदा फाटला होता.

"किती दिवसांपासून दुखते, बेटा?"

यशूनं आधी माझ्याकडे पाहिलं.

 

"दुखत नाही, काका. मले नुसतं तसं वाटते."