चेहऱ्याने ओळखणारी शाळा

"मग तुमच्या वाचनालयात खुर्च्या किती?" कायद्याच्या शाळांना मान्यता देणाऱ्या समितीच्या अध्यक्ष मिसेस लिंडक्विस्ट यांनी विचारलं.

प्रश्न कायद्याच्या ऑनलाइन शाळेला होता. फ्रेस्नोच्या या शाळेत खुर्ची एकच, आणि तिच्यावर डीन वॉस्कनियन बसत. आज ते राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, सुनावणीच्या दालनात घाम पुसत उभे होते. त्यांचा वकील दाट धुक्यामुळे हायवेवर अडकला होता. मान्यता हुकली तर शाळेला टाळं लागणार आणि विद्यार्थ्यांची सगळी वर्षं पाण्यात जाणार.

त्या विद्यार्थ्यांपैकी एकटी रोसाल्वा सुनावणी ऐकायला आली होती. दिवसा विमा कंपनीच्या फोनवर लोकांच्या शिव्या खायच्या, संध्याकाळी पोराला मांडीवर घेऊन कायदा शिकायचा. आता वकिलीची परीक्षा तेवढी राहिली होती.

समिती कागद चाळतेय असं पाहून डीननी मागे वाकून तिला ढोसलं. "ऊठ पोरी, तूच बोल. नाहीतर बुडालो आपण!"

"मी? सर, मी कशी..."

"अगं, वर्गात तुझं तोंड कधी बंद असतं का?"

रोसाल्वा उठली. "बाई, आम्ही आपापल्या घरच्या खुर्चीवर बसतो. माझी जरा डुगडुगते, पण त्यात शाळेचा काय दोष?"

समिती हसली. मिसेस लिंडक्विस्ट मात्र हसल्या नाहीत. "पडद्यावरच्या शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा तरी माहीत असतो का?"

आता तिला खरंच भरून आलं. "मोठ्या कॉलेजात मागच्या बाकावर कोण बसतं, ते तिथल्या डीनना विचारा. आमच्या सरांना माझ्या पोराचं नावसुद्धा ठाऊक आहे. माझा चेहरा उतरलेला दिसला की तास थांबवून विचारतात, 'जेवलीस का गं?' अशी शाळा बंद करणार तुम्ही?"

डीननी चष्मा काढून डोळे पुसले. समितीत कुजबुज झाली आणि मान्यता मिळाली. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या सदस्याने नियमांचं पुस्तक मिटलं. "शाळेची बाजू मांडणाऱ्या या बाईंकडे परवाना आहे का?"

"अजून नाही," रोसाल्वा म्हणून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं. विनापरवाना वकिली करू नये, हा पहिल्याच वर्षाचा धडा. त्यात ती वर्गात पहिली आली होती.

"मग परीक्षेचं विसरा. आधी तुमची चौकशी होईल," मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या. "आणि शाळेनेच यांना उभं केलं असेल, तर मान्यतेचाही फेरविचार करावा लागेल. डीनसाहेब, या तुमच्या कोण?"

रोसाल्वाने मोठ्या आशेने सरांकडे पाहिलं. डीननी चष्मा लावला आणि तिला नीट न्याहाळलं.

"काय सांगू बाईसाहेब," ते म्हणाले, "ऑनलाइन शाळा आमची. चेहऱ्याने कुणाकुणाला ओळखणार?"