रडायचं नाही हं

कोर्टाच्या दाराशी वकीलकाकूंनी बालगृहातल्या सात वर्षांच्या मुलीला बजावलं, "आत आई दिसली तरी रडायचं नाही हं. न्यायाधीश बाईंना वाटेल, तू आईला घाबरतेस. मग घरी नाही पाठवणार."

आत गेल्यावर, चार महिन्यांनी लेक दिसताच आईनं दोन्ही हात पुढे केले. पोर ओठ आवळून, फ्रॉकचं टोक मुठीत धरून बसली, जागची हलली नाही.

"मुलीला आईची जराही ओढ दिसत नाही. बालगृहातच राहू दे," बाईंनी निकाल देऊन टाकला. "अहो, मीच तिला..." असं काकू म्हणेपर्यंत पुढच्या केसचा पुकाराही झाला.

बाहेर आल्यावर मुलीनं काकूंचा काळा कोट हळूच ओढला.



"काकू, आता रडले तर चालेल?"