साडेतीनचा फोन

साडेतीनला बाजार बंद झाला की बाबांचा फोन यायचा. "आज बाजार महाग की स्वस्त?" रोखे आणि शेअर यांच्या भावांतल्या तफावतीवर सौदे करणं हे माझं काम. सात वर्षं मी त्यांना रोज सांगितलं.

ते गेल्यावर डिमॅट खात्याचे कागद मागितले, तर आई म्हणाली, "कसलं खातं? एकही शेअर घेतला नाही त्यांनी कधी." तिने त्यांची वही पुढे केली. रोजची तारीख, माझं उत्तर आणि शेजारी: 'आवाज छान', 'सर्दी', 'जेवली नसावी'.

चौदाव्या दिवशी ऑफिसला गेले. साडेतीनला फोन वाजला.

"आज काय गं, महाग की स्वस्त?" आईने विचारलं.

"महाग," मी एवढंच म्हणाले.

पलीकडून पेनाची खरखर बराच वेळ ऐकू येत राहिली.