क्लासला चिकटवलेली हाक

देवाशपथ सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटा निघाला तर माझी कवळी पवना नदीत फेका!

रावेतला शालनबाई एकटी राहायची. तिचा पोरगा निरंजन वाकडला, कामाला माण गावातल्या कंपनीत. म्हाताऱ्यांना औषधाच्या वेळी फोन करणारा प्रोग्राम त्याची कंपनी चालवायची. आईला फोन करायला मात्र त्याला सवड न्हाई. मग त्यानं स्वतःच्या आवाजाचं एक फंक्शन, म्हंजे प्रोग्रामचा एक तुकडा, लिहिलं. सांजच्याला आपोआप फोन लावायचा आन् विचारायचं, "आई, जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी कंपनीतली दिपाली त्याच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली.

"भावा, हे फंक्शन कुणाला लावलंस?"

"आईला."

"आईच्या एकटीच्या ऑब्जेक्टला नाही, सगळ्या म्हाताऱ्यांच्या अख्ख्या क्लासला चिकटवलंयस. क्लासला लावलं की त्यातल्या प्रत्येकाला लागू. काल सगळ्या म्हाताऱ्यांना तुझा फोन गेला, राव!"

निरंजन खुर्चीतनं उठलाच. "तक्रारी किती?"

"एकही नाही. चिखलीच्या केसरबाई तर बोलतच बसल्या होत्या. त्यांना मूलबाळच नाहीये."

निरंजननं घाईघाईत ते फंक्शन क्लासवरनं काढून टाकलं. सगळ्यांचं गेलं, त्यात आईचंही गेलं.

सांज झाली तसे कंपनीतले फोन खणाणायला लागले. "माझा पोरगा आज का न्हाई बोलला?" "नाव काय तुमचं? साहेबाला द्या!" म्हाताऱ्या ऐकंनात.

"तुझ्या आईचा आला का रे?" दिपालीनं विचारलं.

न्हाई. सगळ्या भांडल्या, त्याची आई तेवढी गप्प. लॅपटॉप उघडाच टाकून तो गाडीवर बसला, गर्दीतनं वाट काढत रावेतला पोचला आन् दोन्ही हातांनी दार बडवलं.

दार उघडलं. आई धडधाकट.

"तू का नाही भांडलीस?"

"यंत्राशी काय भांडायचं? पोरगा येईल कवातरी. हात धू."

पिठलं-भाकरी त्यानं मागून मागून खाल्ली. बोटं चाटली. बराच वेळ बोलत बसला, मोबाइल खिशातच.

झालं. सगळं खरं हाय. फक्त तो आला, एवढं मी पदरचं घातलंय. त्याच्यासाठी भाकरी अजून झाकूनच ठेवलीय मी.